डेबियन 13 : आडतीच्या सर्व्हरवर आणि दिवाणजींच्या टेबलावर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची आडत करणाऱ्या एका पेढीचे संगणक मी गेली काही वर्षे सांभाळतो. एक सर्व्हर, कार्यालयात नऊ संगणक, वजनकाट्याजवळ एक जुना आणि तीन प्रिंटर, एवढाच हा पसारा आहे. विंडोज 10 चे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले. कार्यालयातल्या नऊपैकी सात संगणक टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर या विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हते. चालत्या यंत्रांना भंगाराचा रस्ता दाखवायला मालक तयार नव्हते आणि मीही नव्हतो. सर्व्हरवर 2023 पासून डेबियन (लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली) होतेच. तेच आता टेबलांवरही आणावे की नाही, हा प्रश्न होता. दिवाळीच्या सुट्टीत यार्ड बंद असताना आम्ही ते आणले. त्यानंतरचा अनुभव येथे मांडतो.

सर्व्हरसाठी डेबियन निवडताना माझ्या डोळ्यांसमोर हरिपूरचे पेव, म्हणजे हळद साठवण्याचा जमिनीतला खड्डा, होते. पेवात हळद भरून तोंड एकदा बंद केले की ते उठसूट उघडायचे नसते. सर्व्हरचेही तसेच असावे, असे माझे मत आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तिला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दीर्घकालीन योजनेतून आणखी दोन वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात, आणि या काळात आतल्या बहुतेक प्रोग्रॅमची आवृत्ती बदलत नाही, फक्त दोष दुरुस्त होतात. ज्याला रोज नवे काही हवे असते त्याला हे कंटाळवाणे वाटेल. शेतमालाच्या विक्रीपट्ट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राकडून मला कंटाळाच हवा आहे.

दुसरे कारण मालकीचे. एका कंपनीच्या ताब्यातल्या सेंटओएस 8 या लिनक्स प्रणालीला 2029 पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले होते आणि डिसेंबर 2020 मध्ये, ती मुदत 2021 च्या अखेरीस संपेल, असे जाहीर झाले. त्यातून पुढे आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, दोन्ही चांगले आहेत आणि दहा वर्षांचा आधार हवा असेल तर आजही मी त्यांचाच विचार करायला सांगेन. मात्र 1993 मध्ये इयान मरडॉक यांनी सुरू केलेला डेबियन प्रकल्प कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नाही, त्याचे मोठे निर्णय स्वयंसेवकांच्या मतदानाने होतात, आणि एका बैठकीत धोरण फिरण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो.

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या वेगळ्या प्रणालीचाही मी गांभीर्याने विचार केला होता. तिथे झेडएफएस ही फाइल प्रणाली इन्स्टॉल करतानाच निवडता येते, डेटा सडला तर चेकसममुळे (डेटासोबत साठवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) कळते आणि स्नॅपशॉट (त्या वेळच्या स्थितीची नोंद) क्षणात घेता येतो. डेबियनमध्ये परवान्यातील विसंगतीमुळे झेडएफएस मुख्य संग्रहात नाही, ते वेगळे बसवावे लागते. केवळ तांत्रिक गुणांवर निवड करायची असती तर कदाचित फ्रीबीएसडीच जिंकले असते. पण मी आजारी पडलो किंवा गावाला गेलो तर यंत्राला हात लावणारा माणूस सांगली-मिरजेत मिळाला पाहिजे. डेबियन किंवा उबंटू येणारी मुले इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मिळतात. फ्रीबीएसडी येणारा मला अजून भेटलेला नाही.

आता 12 वरून 13 वर जाण्याविषयी. 9 ऑगस्ट 2025 रोजी आलेल्या या आवृत्तीत 6.12 कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे आणि पॅकेजांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. सर्व्हरवर काम सरळ झाले: संग्रहाच्या यादीत जुन्या आवृत्तीचे नाव काढून नवे घातले, आधी साधे आणि मग पूर्ण अपग्रेड केले, यंत्र पुन्हा सुरू केले. खरी मेख पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होती. डेबियन 12 मध्ये त्याची 15 वी आणि 13 मध्ये 17 वी आवृत्ती आहे. अपग्रेडनंतर दोन्ही शेजारी शेजारी राहतात, जुना डेटा 15 मध्येच असतो आणि 17 चा एक रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा संच) 5433 या पोर्टवर बसलेला असतो. तो रिकामा क्लस्टर काढून मग जुना डेटा नव्यात न्यायचा असतो. त्यासाठी तयार आज्ञा आहेत, पण हे आपोआप होत नाही, आणि माझ्या मते व्हायलाही नको.

एक फजिती मात्र झाली, आणि ती सर्वस्वी माझी. रात्रीच्या बॅकअपची माझी जुनी स्क्रिप्ट सगळा डेटा आधी /टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये गोळा करून मग मिरजेच्या यंत्रावर पाठवत असे. डेबियन 13 मध्ये /टीएमपी डिस्कवर नसते, मेमरीत असते, आणि तिला एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंतच जागा मिळते. आमच्या आठ जीबीच्या सर्व्हरवर म्हणजे चार. तीन रात्री बॅकअप अर्धवट राहिला आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले. प्रकाशन-टिपांमध्ये हे स्वच्छ लिहिलेले होते. मी त्या वाचल्या नव्हत्या. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हापासून सर्व्हर वरच्या मजल्यावर आणि बॅकअप दुसऱ्या गावात हा आमचा नियम आहे, त्यामुळे त्या तीन रात्रींनी मला चांगलेच अस्वस्थ केले. स्क्रिप्ट आता /व्हार/टीएमपी वापरते.

टेबलांकडे वळू. इन्स्टॉल करणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे, कारण डेबियन 12 पासून वायफाय वगैरेंचे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. तरी एक खाचखळगा नवशिक्यांना अडवतो: रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड विचारला की बहुतेक जण तो भरतात, आणि मग नेहमीच्या वापरकर्त्याला सुडो (प्रशासकाचे अधिकार वापरू देणारी आज्ञा) चालत नाही. ती जागा रिकामी सोडावी. चार जीबी मेमरीच्या संगणकांवर मी एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप बसवले आणि ते सुरळीत चालते. काट्याजवळचा 32 बिटचा संगणक मात्र मागे राहिला, कारण 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. तो 12 वर आहे आणि कधीतरी बदलावाच लागेल.

तुलनेसाठी एका संगणकावर महिनाभर लिनक्स मिंट 22 ठेवले होते. विंडोजची सवय असलेल्या हाताला मिंटचे सिनॅमन हे डेस्कटॉप लगेच रुचते, अपडेटची खिडकी समजेल अशा भाषेत बोलते, आणि घरच्या एकट्या संगणकासाठी मी डोळे झाकून मिंटच सुचवेन. पेढीत सर्व्हर आणि टेबले एकाच प्रकारची असली तर माझे काम निम्मे होते, म्हणून मी डेबियनवर राहिलो.

मराठीची सोय चांगली आहे, पण ती लावून घ्यावी लागते. आयबस आणि एम17एन ही टंकलेखनाची साधने बसवली की इनस्क्रिप्ट आणि उच्चाराधारित दोन्ही कळफलक मिळतात. लिब्रेऑफिसच्या भाषा-पर्यायांत मराठी निवडले, आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदीचे नव्हे. ही गोष्ट दिवाणजींनी स्वतःहून हेरली आणि तेव्हापासून त्यांचा नव्या प्रणालीला विरोध मावळला. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली पत्रे मात्र उघडल्यावर निरर्थक अक्षरांचा ढिगारा दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात आणि बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात.

कराचे काम ज्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालते ते फक्त विंडोजवर चालते. त्यासाठी अटींत बसणारे दोन संगणक विंडोज 11 वरच ठेवले आहेत आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

प्रिंटरने सर्वात जास्त वेळ खाल्ला. दोन लेझर प्रिंटरपैकी एक विनासायास चालला, दुसऱ्याच्या कंपनीने लिनक्ससाठी धड चालक (ड्रायव्हर) दिलेला नसल्याने तो विंडोजच्या संगणकाला जोडून ठेवावा लागला. नवे यंत्र घेण्याआधी कोणीही हे तपासावेच. शेतकऱ्याला द्यायची पट्टी कार्बन कॉपीसह हवी असते, म्हणून तिसरा डॉट मॅट्रिक्स आहे. कप्स या छपाई-व्यवस्थेतल्या नऊ पिनांच्या सर्वसाधारण चालकावर तो चालतो, पण देवनागरी मजकूर चित्र म्हणून ओळीओळीने छापला जातो आणि एका पट्टीला बराच वेळ लागतो. दिवाणजींनी त्याच्यासमोर शेतकऱ्यांसाठी एक जादा खुर्ची मांडून ठेवली आहे.