‘अस्सल ओबर्नडॉर्फ’ म्हणून घेतलेली रायफल: सात महिन्यांनंतर

एप्रिलअखेर घेतली, आता नोव्हेंबर संपत आलाय. विकणारा म्हणाला होता, "अस्सल ओबर्नडॉर्फची माउझर." मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, माउझर कारखान्याचं गाव ओबर्नडॉर्फ तासाभरावर. नावालाच भुललो, कबूल करतो. तिथल्या व्यापारी रायफलीवर कारखान्याचं नाव किंवा माउझरचा शिक्का असतो. हिच्यावर वरून काहीच दिसत नव्हतं.

लाकूड उतरवलं तेव्हा कुंडली सापडली. नळीच्या पोटाशी मुकुटाखाली बी, यू, जी, एन ही अक्षरं आणि शेजारी ‘४.२९’. एन म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी, आकडे म्हणजे एप्रिल १९२९. महिना-वर्ष ठोकायची ही सुल या बंदुकांच्या जर्मन गावाकडची पद्धत. मग चेंबरवरच्या कड्यावर तिरका टॉर्च मारला, तर घासलेल्या पोलादात पुसट ‘एर्फुर्ट १९१६’. म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या गेवेर ९८ या जर्मन लष्करी माउझरची ॲक्शन (बोल्ट आणि चेंबरभोवतीचा मधला सांगाडा), तिच्यावर नंतर चढवलेली नळी, दस्ता आणि दुहेरी चाप. ओबर्नडॉर्फशी नातं एवढंच, की मूळ रचना तिथली.

इथवर गंमत होती. घाम फुटला तो काडतुसांनी. या रायफलीच्या ८×५७ मापाच्या काडतुसाची दोन भावंडं आहेत: जुन्या ‘आय’ नळीची गोळी साधारण ८.०८ मिमी, १९०५ च्या ‘एस’ची ८.२२. लष्कर एसकडे गेलं तरी शिकारी रायफली पुढे कितीतरी वर्षं आय नळीच्या बनत राहिल्या. एसची गोळी आयमध्ये डागली तर दाब मर्यादेबाहेर जातो. आणि मला रायफलीबरोबर फुकट मिळालेला डबा एसचा! बंदुकीच्या कारागिराकडून नळी मोजून घेतली, आय निघाली. बोल्टचा क्रमांक ॲक्शनशी जुळत नव्हता म्हणून हेडस्पेसही, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, तपासला. तो ठीक होता.

वापरात म्हणाल तर काडतूस एकदाही अडकलं नाही. ९८ चा लांब पंजा ते मॅगझिनमधून वर येतानाच धरतो, बोल्ट सावकाश ढकला की जोरात. मागचा चाप ओढला की पुढचा अगदी हलका होतो. हातमोजे घालून मात्र नको. रानडुकराऐवजी एक बार मी मातीत घालवलाय. सेफ्टीचा उभा पंख दुर्बिणीला अडू नये म्हणून दुर्बीण उंच बसवलीय, त्यामुळे गाल दस्त्यावर टेकत नाही. याची सवय अजून झालेली नाही. गावी चिपळूणकडे काका त्यांच्या ठासणीच्या बंदुकीला ‘म्हातारी’ म्हणायचे. हिलाही तेच नाव पडलंय.

आयची काडतुसं मागवावी लागतात, महागही पडतात. तरी विकणार नाही. एसचा डबा परत द्यायला गेलो तर विकणारा म्हणाला, "आमचे आजोबा हीच काडतुसं वापरायचे."