ट्रेलो ॲप द्राक्षबागेसाठी वापरलं, दोन सीझनचा अनुभव

मी नाशिकच्या अंबडला कंपनीत आहे आणि बाग दिंडोरी तालुक्यात, तिथे नाना असतात, त्यामुळे अर्धी शेती फोनवरच चालते. ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं करून यादीत लावायचं ॲप, त्याचं फ्री वालं दोन सीझन वापरलं, ५ पैकी ४ स्टार. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीये म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी मी सरळ एक कार्ड टाकलं 'छाटणी', एक 'डिपिंग' (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), एक 'फवारणी'. महिनाभर ती कार्डं जागची हलली नाहीत, कारण छाटणी हे एक काम नसतंच ना. काडी कापली की ४८ तासांच्या आत काडीच्या डोळ्यांना फूट एकसारखी निघायची पेस्ट लागली पाहिजे, आणि आमची सुरगाण्याकडची टोळी सगळे प्लॉट कापतच सुटली, पेस्टला माणूसच शिल्लक नाही. खालच्या प्लॉटला चौथ्या दिवशी पेस्ट लागली. फूट मागेपुढे निघाली आणि मग सगळंच मागेपुढे, एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात तर दुसरा अजून पोपटी, जीए (डिपिंगचं संजीवक, जिबरेलिक ॲसिड) द्यायचं कधी तेच कळेना.

दुसऱ्या वर्षी नियम केला, टोळीचं एका दिवसात उरकेल तेवढंच एक कार्ड. 'विहिरीचा प्लॉट, पहिल्या १० ओळी, छाटणी' आणि लगेच खाली 'त्याच ओळी, पेस्ट', तारीख दुसऱ्या दिवसाची. छाटणीपासून बाग किती दिवसाची झाली ते कार्डाच्या नावातच लिहायचं. ॲपमध्ये सगळं मराठीत टाइप होतं. डिपिंगच्या कार्डात चेकलिस्ट केली: मजूर सांगितले, घड बुडवायचे मग (कप) मोजून ठेवले, द्रावण, पावसाचा अंदाज. नाना बांधावर उभं राहून अंगठ्याने टिक करतात आणि इकडे जेवणाच्या सुट्टीत मला दिसतं की सहावी ओळ झाली, फोन करून विचारायची गरजच पडत नाही, खरंच खूप हलकं वाटतं.

एक लक्षात ठेवा, छाटणी दोन दिवस पुढे गेली की फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, डिपिंग, विरळणी सगळ्याच तारखा सरकतात, त्या मी हातानेच बदलतो. आणि अवकाळी आला की डाउनीची (बुरशीचा रोग) फवारणी सगळ्यात वर ओढायची, बाकी कार्डं थांबू देत.

यंदा विहिरीचा प्लॉट ७ ऑक्टोबरला धरलाय, पेस्टचं कार्ड ८ ला, आणि त्यावर नानांचं नाव टाकलंय.