रामबागेतल्या वकील मॅडम, भावाच्या केसचा अनुभव (४ स्टार)

धाकट्या भावाच्या घटस्फोटासाठी यांच्याकडे जातोय. इंदूरमध्ये पुरुषाचं नीट ऐकून घेणारं कोणी शोधत असाल तर वाचा. आधीचे वकील (नाव नको) पहिल्याच भेटीत हसले, म्हणे "भिया, बायकोचा मार खाल्ला?" त्यानंतर भाऊ कोणाकडेच यायला तयार नव्हता. मॅडम हसल्या नाहीत की हळहळल्या नाहीत, सरळ विचारलं टाक्यांचा कागद कुठंय. कुकरचं झाकण लागलेलं ना भुवईवर, त्याचा.

खोटी आशा अजिबात नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात तक्रार फक्त बाईच करू शकते, तो तुझ्या कामाचा नाही, हे तोंडावर सांगितलं. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधली क्रूरता नवऱ्यालाही लागू आहे आणि मारहाणीची पोलीस तक्रार पुरुषही करू शकतो. ४९८अ (नवरा-सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचं कलम) लावीन अशा धमक्यांचे मेसेज यायचे (आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आहे), तर सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल समजावला, की अटक आपोआप होत नसते, का करायची ते पोलिसांना लिहावं लागतं. त्या रात्री भाऊ जरा झोपला.

खरा छळ वेगळं झाल्यावर सुरू झाला. भेटीच्या दिवशी पोरीला नेमका ताप, गेटवर आरडाओरडा, शेजारी गॅलरीत. मॅडमचा नियम एकच, भांडायचं नाही, मेसेजला एका ओळीत उत्तर आणि वहीत तारीख-वेळ. कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नको म्हणाल्या, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या केसमध्ये ते पुरावा म्हणून चालेल म्हटलंय. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २६ खाली (मुलांचा ताबा-भेट) अर्ज करून व्हिडिओ कॉलही मागून घेतला, आता पोरगी पडलेला दात कॅमेऱ्याला चिकटवून दाखवते. आणि अर्जात भावजयीबद्दल घाणेरडं काही लिहू दिलं नाही, पोरगी उद्या वाचेल म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता, पण बरोबरच आहे.

एक स्टार कापला कारण दिलेली वेळ पाळत नाहीत, असिस्टंट फोन उचलत नाही आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मन मोकळं करायला जाऊ नका, त्यासाठी त्या स्वतःच टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ देतात. फी झेपत नसेल तर १५१०० वर सरकारी मोफत वकिलाचं विचारा, पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना कागदांच्या झेरॉक्स घेऊनच जा, खाली दुकान नाहीये.