आठ महिने स्लीप मोड, आणि रोज सकाळी गायब होणारं नेट

गेल्या वर्षी गणपतीनंतर डेस्कटॉप असेंबल करून घेतला. विंडोज ११, आत वायफाय कार्ड, कारण राउटर हॉलमध्ये आणि मी बेडरूमच्या कोपऱ्यात. रात्री पंधरा-वीस टॅब बंद करायचा कंटाळा, म्हणून सरळ स्लीपला टाकायचो. सकाळी की दाबली की काम होतं तिथून पुढे सुरू. हे सुख जेमतेम आठवडाभर टिकलं.

मग एके दिवशी घड्याळाशेजारी वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल दिसला. टिचकी मारली तर घरच्या वायफायच्या नावाखाली 'नो इंटरनेट'. जेवायला उठून अर्ध्या तासाने परत यावं तर काही होत नसे, रात्रभर झोपला की हमखास. मी नेटवाल्याकडे तीनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा मुलगा आला, तेव्हा बायको त्याच वायफायवर मोबाइलवर मालिका बघत होती. त्याने फक्त तिच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मी काय बोलणार!

त्याने जाताना नेहमीचा सल्ला दिला, बंद करून चालू करा. केलं, फरक शून्य. पण रीस्टार्ट केलं की नेट येई. हे कोडं मला महिनाभर सुटलं नाही. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूचा 'अप टाइम', म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, पाहिला: ११ दिवस! आदल्याच रात्री मी मशीन शटडाउन केलं होतं. कारण 'फास्ट स्टार्टअप'. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा, ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे वायफाय कार्डासारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर), डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपपुढची टिकची खूण काढून टाकली. निदान बंद म्हणजे बंद तरी झालं.

मूळ दुखणं वेगळं होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग दिलं तर मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की मशीन स्वतःच असला एखादा लावून घेतं. कार्ड झोपेतून अर्धवट उठत होतं, एवढं त्यावरून कळलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायफाय कार्ड, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढली. पुढचे पाच आठवडे नेट एकदाही गेलं नाही. मग अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला आणि खूण गुपचूप परत आली. शेवटी कार्डवाल्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन टाकला. तेव्हापासून महिन्यातून एखाद्या वेळी गडबड होते. तेवढ्यापुरतं कार्ड डिसेबल-इनेबल केलं की दहा सेकंदांत नेट हजर, रीस्टार्टची गरज नाही.

लॅपटॉपवाल्यांनी हा पॉवर मॅनेजमेंटचा टॅब दिसला नाही तर घाबरू नये. 'पॉवरसीएफजी स्लॅश ए' ही कमांड देऊन तुमच्याकडे कोणती झोप आहे ते बघा. एस झिरो म्हणजे मॉडर्न स्टँडबाय असेल तर हा टॅब बऱ्याचदा नसतोच. माझ्याकडे जुनी एस थ्री आहे. तिच्यात फक्त रॅमला वीज मिळत राहते, म्हणून मशीन लगेच जागं होतं. पण लाइट गेली की उघडं काम गेलंच समजा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे, त्यामुळे मे महिन्यात दोनदा फटका बसला. आता लांब बाहेर जायचं असेल तर हायबरनेट करतो: सगळं डिस्कवर जातं, वीज गेली काय, राहिली काय. उठायला थोडा वेळ लागतो, पण चालतं.

ऑफिसच्या मीटिंगांसाठी मात्र महिन्याभरापूर्वी हॉलमधून लॅनची केबल ओढली. तिच्या कार्डालाही तीच खूण होती, ती आधी काढली. नेट एकदम ठणठणीत. केबल दाराच्या फटीतून आल्यामुळे बेडरूमचं दार आता पूर्ण लागत नाही, आणि त्यावरून घरात रोज ऐकून घेतोय.