आन्ना मान्यानी : चार चित्रपटांचा ब्ल्यू-रे संच

इटालियन अभिनेत्री आन्ना मान्यानी हिच्या चार चित्रपटांचा हा संच मी गेल्या महिन्यात घेतला. 'रोम, ओपन सिटी' (१९४५), 'बेल्लिसिमा' (१९५१), 'द रोझ टॅटू' (१९५५) आणि 'मामा रोमा' (१९६२) हे चित्रपट त्यात आहेत. निवड नेमकी आहे, चित्रे स्वच्छ आहेत. पण संच विकत घ्यावा तो आवाजासाठी. मान्यानीच्या अभिनयातील निम्मा ऐवज तिच्या त्या किंचित घोगऱ्या, खास रोमी वळणाच्या आवाजात आहे, आणि जुन्या प्रतींमध्ये खरखरीखाली दबलेला तो आवाज येथे श्वासासकट ऐकू येतो.

'रोम, ओपन सिटी'मधील पीनाच्या (ही मान्यानीची भूमिका) मृत्यूचा प्रसंग बहुतेकांच्या परिचयाचा असतो. जर्मन सैनिक तिच्या नियोजित वराला ट्रकमधून नेत असतात, ती 'फ्रांचेस्को' अशी हाक मारत मागे धावते आणि गोळी लागून रस्त्यावर कोसळते. खर्च वाचवण्यासाठी दिग्दर्शक रोस्सेलिनीने हा चित्रपट मूक चित्रित करून संवाद मागाहून ध्वनिमुद्रित केले होते. हे ठाऊक असूनही ती हाक स्टुडिओत उभे राहून दिली असेल यावर विश्वास बसत नाही. चित्रीकरणाच्या वेळची सामग्रीची ओढाताण पाहता काही दृश्यांचा पोत अजूनही असमान दिसतो; तो तसाच ठेवला आहे, हे बरेच झाले.

माझ्या मते संचातील सर्वोत्तम डिस्क 'बेल्लिसिमा'ची आहे. घरोघरी जाऊन इंजेक्शने देणारी मद्दालेना आपल्या लहान मुलीला चिनेचित्ता स्टुडिओतील चित्रपटात काम मिळावे म्हणून पै-पै खर्च करते. अखेरीस ती लपून मुलीची पडद्यावरील चाचणी पाहते. पडद्यावर मूल रडते आहे आणि खालची मंडळी खो-खो हसत आहेत. तोवर सतत बडबडणारी ही बाई त्या क्षणी गप्प होते, आणि दिग्दर्शक विस्कोन्तीने कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर ठेवण्यापलीकडे फारसे काही करण्याची गरजच उरत नाही.

'द रोझ टॅटू'विषयी मी थोडा साशंक आहे. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने त्याचे मूळ नाटक मान्यानीला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले होते, मात्र आपल्या इंग्रजीची खात्री नसल्याने तिने रंगमंचावरील भूमिका नाकारली आणि पुढे चित्रपट स्वीकारला. त्यातील सेराफिनाच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले. अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन होय. ते पारितोषिक वाजवी होते, तरी सहकलाकार बर्ट लँकेस्टरच्या अतिउत्साही विनोदापुढे चित्रपटाचा तोल ढळतो, हेही खरे.

दिग्दर्शक पाझोलिनीच्या 'मामा रोमा'मध्ये ती सजवलेली डुकरे हाकत लग्नाच्या पंगतीत शिरते, तेथपासूनच पडदा तिच्या ताब्यात जातो. रात्रीच्या रस्त्यावरून ती हसत-बोलत चालते, अंधारातून एकेक माणूस तिच्या सोबतीला येतो आणि गळून जातो, पण तिचे बोलणे काही थांबत नाही. हा लांबलचक चालता प्रसंग मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या स्पीकरवर पाहण्या-ऐकण्यासारखा आहे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी उणीव इंग्रजी उपशीर्षकांची आहे. मान्यानी रोमची बोली बोलते. शिव्या, लाडीगोडी, टोमणे सारे त्या बोलीत आहे. उपशीर्षकांत मात्र तिच्या चार वाक्यांची एक सपक ओळ होते, आणि 'बेल्लिसिमा'तील शेजारणींच्या भांडणात तर अर्धे संवाद सोडूनच दिले आहेत. शिवाय एका डिस्कवर इंग्रजीत डब केलेला ध्वनी आपोआप सुरू होतो आणि प्रत्येक वेळी मेनूत जाऊन इटालियन निवडावे लागते. ज्या संचाचे सारे बळ आवाजात आहे, त्यात ही चूक राहावी, हे समजण्यापलीकडचे आहे.

सोबतच्या पुस्तिकेचे मुद्रण देखणे आहे, मजकूर मात्र एकांगी. १९०८ मध्ये रोममध्ये जन्म, आजीकडे वाढणे, नाट्यशिक्षण आणि कॅबरेतील गाणी एवढे उरकून लेखक थेट रोस्सेलिनीशी असलेल्या संबंधांकडे, मग त्याच्या आयुष्यातील अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनच्या आगमनाकडे आणि एकाच सुमारास दोन ज्वालामुखी बेटांवर झालेल्या दोन चित्रपटांच्या (एक बर्गमनचा, दुसरा मान्यानीचा) चढाओढीकडे वळतो. विनोदी नट टोटोबरोबर तिने रंगवलेल्या संगीत-विनोदी प्रयोगांना जेमतेम दोन वाक्ये मिळतात. प्रेक्षकांच्या गलक्यावर मात करणारा तो आवाज तेथे घडला, ही गोष्ट प्रेमप्रकरणापेक्षा अधिक जागा मागते. १९४७ मध्ये 'लॉनोरेव्होले आन्जेलिना'साठी व्हेनिसमध्ये तिला मिळालेल्या पारितोषिकाचा उल्लेखही नाही.

पुरवणी चित्रफितींमध्ये दिग्दर्शक फेलिनीच्या 'रोमा'तील (१९७२) तिचे अखेरचे पडदादर्शन हवे होते. फेलिनी तिच्या दारापर्यंत येतो आणि ती त्याच्यावर विश्वास नसल्याचे सांगून दार लावून घेते. पुढच्याच वर्षी ती गेली.

घ्यायचाच असेल, तर ती डब ध्वनीची डिस्क लावताना प्रथम ध्वनी इटालियन करावा आणि 'बेल्लिसिमा' उपशीर्षकांसह पाहून झाल्यावर दुसऱ्यांदा उपशीर्षके बंद ठेवून पाहावा.