तिर्झेपटाइड: वजन उतरलं, पण ताकदीचं काय?

तिर्झेपटाइड हे वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. कुठे टोचायचं, कितीपासून सुरुवात करायची हे इथल्या बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. वजन उतरतं, त्याबद्दल तक्रारच नाही. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिंपी कंटाळला. पण परवा भरलेला सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत नेता आला नाही. आजवर एकटी न्यायचे. नवऱ्याला हाक मारावी लागली आणि डोकं फिरलं.

राग क्लिनिकच्या डाएट चार्टवर आहे. हे औषध २०२५च्या मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक वायल (इंजेक्शनची छोटी बाटली) ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. एवढे पैसे मोजणाऱ्या बाईच्या हातात ठेवला १२०० कॅलरींचा झेरॉक्स कागद: सकाळी मारी बिस्किटं, दुपारी फुलका-भाजी, रात्री सूप. प्रथिनं औषधालासुद्धा नाहीत!

जीएलपी-१ आणि जीआयपी या आतड्यातल्या दोन हॉर्मोनांचं काम हे औषध करतं. भूक मरते, पोट सावकाश रिकामं होतं. मग ताटातली पहिली सुटते ती उसळ. चहा-बिस्किट कसंही घशाखाली जातं.

औषधच स्नायू खातं, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. आता तसं म्हणणार नाही. या औषधाच्या सर्माउंट-१ चाचणीत काही जणांचे डेक्सा स्कॅन (अंगात चरबी किती, स्नायू किती हे मोजणारे) केले होते. उतरलेल्या वजनात साधारण पाऊण भाग चरबी निघाली आणि पाव भाग स्नायू-पाणी वगैरे. तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलं, त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेच होतं. म्हणजे उपाशी शरीर स्नायू मोडतंच. औषधाने वजन जास्त उतरतं, म्हणून तो पाव भागही मोठा.

जिमच्या ट्रेनरचा तोडगा वेगळाच: ग्रोथ हॉर्मोन घ्या! हा प्रयोग डॉक्टरांनी १९८०च्या दशकातच करून पाहिलाय. कमी कॅलरींच्या आहारावर असलेल्यांना ते दिलं की लघवीतून जाणारा नायट्रोजन, म्हणजेच मोडलेली प्रथिनं, सुरुवातीला कमी होतो. पुढे तो फायदा ओसरतो. वर अंगावर सूज, सांधेदुखी, साखर चढणं. आधीच एका हॉर्मोनने पाकीट रिकामं केलंय, दुसरं कशाला?

आता ढेकर. माफ करा, पण यावर कोणी बोलतच नाही. रात्री अंडी खाल्ली की सकाळपर्यंत सडक्या अंड्याचे ढेकर. लिफ्टमध्ये शेजारीण असेल तर मी जिन्याने जाते. (तेवढाच व्यायाम.) प्रथिनं खा म्हणतात, पण खायची कधी? माझ्यापुरतं उत्तर: अंडी सकाळीच, आणि इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी अजिबात नाहीत. त्या दिवशी दही, मुगाचं धिरडं.

व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांची पावडर) डबा एकदाच आणला. शंभर ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत पन्नासच्या आसपास ग्रॅम प्रथिनं असताना तो कोण पुन्हा आणतंय? वड्या उकळून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो. वजनाच्या किलोमागे रोज सव्वा ग्रॅम प्रथिनांचा हिशेब धरलाय. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय डंबेल्स आणि खुर्चीवरून उठाबशा, एक दिवसाआड.

औषधाला पाचपैकी चार, ढेकरांमुळे एक कापला. चार्टला शून्य. डॉक्टर साडेसात मिलिग्रॅमवर जाऊ म्हणतायत. पाचवर वजन उतरतंय तोवर मी जागची हलणार नाही.