‘द ब्लडी चेंबर’: आधी मूळ गोष्ट वाचा, मग ही

अँजेला कार्टर यांचा हा दहा कथांचा संग्रह १९७९चा. त्याआधी दोनच वर्षं त्यांनी फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या परीकथा इंग्रजीत आणल्या होत्या. जुन्या गोष्टीचा कुठला टाका उसवायचा हे त्यांना नेमकं ठाऊक आहे, आणि ते पानोपानी जाणवतं.

शीर्षककथा म्हणजे पेरोची १६९७ची ‘ब्लूबिअर्ड’. नवरा किल्ल्यांचा जुडगा देतो आणि एक खोली तेवढी उघडू नकोस म्हणतो. बायको उघडतेच, आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं. पेरोकडे रक्ताचा डाग किल्लीवरून जात नाही. इथे नवरा तीच किल्ली बायकोच्या कपाळावर टेकवतो आणि डाग जन्माचा तिथे बसतो. पेरोकडे सोडवायला भाऊ येतात. इथे आई येते, घोड्यावर, दिवंगत नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन! हे वाचताना अंगावर काटा यायचा तर मूळ गोष्ट डोक्यात ताजी हवी. पेरोची कथा काही पानांचीच आहे, नेटवर फुकट मिळते.

ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचणार असाल तर मात्र शीर्षककथा घरी ठेवा. ती सर्वांत लांब आहे, वाक्यं वळणावळणाची, मध्येच फ्रेंच शब्द. तुर्भ्याच्या गर्दीत धागा सुटला की चार पानं मागे जावं लागतं. सुरुवात ‘द वेअरवुल्फ’ने करा, ऐरोली यायच्या आत संपते. मुलगी लांडग्याचा पंजा छाटून कापडात गुंडाळते. आजीकडे पोचेपर्यंत त्याचा हात झालेला असतो, बोटात लग्नाची अंगठी. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणणाऱ्या म्हातारीवर वाढलेल्या वाचकाला ही आजी फार लागते. या कथेनंतरच्या दोन लांडगेकथाही पुस्तकातल्याच क्रमाने घ्या.

‘परीकथा’ शब्दाला भुलून हे पुस्तक शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका. ‘द स्नो चाइल्ड’ जेमतेम दोन पानांची, हिमगौरीच्या कुळातली, पण त्यात उघड लैंगिक हिंसा आहे. ‘पुस-इन-बूट्स’ खट्याळ आहे, काळोखात तेवढाच विसावा.

सर्वांत देखणी जोडी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची. ‘द कोर्टशिप ऑफ मिस्टर लायन’मध्ये सिंहाचा माणूस होतो. लगेच पुढच्या ‘द टायगर्स ब्राइड’मध्ये वाघ मुलीची कातडी चाटत जातो आणि खालून तिचीच लव उगवते. या दोघींमध्ये दिवस जाऊ देऊ नका: सकाळी जाताना पहिली, संध्याकाळी परतताना दुसरी.